जड काठी की हलकी?

लोणावळ्याचा पाऊस ज्याने पाहिला आहे, त्याला आषाढात घरात कोंडून बसणे म्हणजे काय, हे सांगावयास नको. दिवसचे दिवस सूर्यदर्शन होत नाही, मैदानात पाण्याची तळी साचतात आणि मावळातील मुले ओसरीवर कॅरमचा बोर्ड मांडून बसतात. बोर्डाच्या मध्यभागी रचलेल्या सोंगट्या पहिल्या फटक्याने फोडावयाच्या असतात. तो फटका मारणाऱ्याला नेहमी वाटते की, स्ट्रायकर आणखी थोडा जड असता तर सोंगट्या चारी दिशांना उधळल्या असत्या! परंतु स्ट्रायकर १५ ग्रॅमपेक्षा जड नसावा, असा नियमच आहे. सोंगटी असते ५ ते साडेपाच ग्रॅमची. म्हणजे मारणारी वस्तू मार खाणाऱ्या वस्तूच्या जवळजवळ तिप्पट. हे प्रमाण ध्यानात ठेवा. त्याची पुढे गरज पडणार आहे.

लोणावळ्यातील काही हॉटेलांतून 'पूल' नावाचा एक खेळ मांडलेला असतो. मऊ कापड ताणून बसविलेले मोठे मेज, त्याला सहा खिसे, त्रिकोणात रचलेले १५ रंगीत चेंडू आणि एक पांढरा चेंडू. लांब काठीच्या टोकाने पांढरा चेंडू मारावयाचा आणि त्याने त्रिकोण फोडावयाचा. ह्या काठीला 'क्यू' म्हणतात. पहिल्या फटक्यासाठी पुष्कळ खेळाडू वेगळी काठी ठेवतात. तिचे टोक अधिक कठीण असते. शिवाय नाजूक फटक्यांसाठी राखलेल्या काठीचे टोक त्यामुळे खराब होत नाही. अशा काठीचे वजन बहुधा १८ ते २१ औंस असते, म्हणजे सुमारे ५१० ते ५९५ ग्रॅम. २५ औंसांहून जड काठी स्पर्धेच्या नियमांत बसत नाही.

काठीचे खेळ महाराष्ट्राला नवे नाहीत. १९२२ साली पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्ता येथे हौशी बिलियर्ड्सपटूंचे जगज्जेते झाले. वैयक्तिक खेळात जगज्जेतेपद मिळविणारे ते पहिले भारतीय होत. १९६४ साली त्यांनी तो मान पुन्हा मिळविला. परंतु त्यांच्या बिलियर्ड्समध्ये चेंडू तीनच. तेथे फोडावयास ढीगच नसतो. स्नूकरमध्ये ढीग असतो, पण तो शहाणा खेळाडू पहिल्या फटक्याला हळूच स्पर्श करून सोडतो. कारण चेंडू विखुरले तर प्रतिस्पर्ध्याचेच फावते. पूलमध्ये मात्र जोर हवा. म्हणून काठीच्या वजनाचा प्रश्न तेथे विशेष महत्त्वाचा ठरतो.

नवखा खेळाडू सर्वांत जड काठी उचलतो. तो म्हणतो, "लोहाराचा घण जड असतो, म्हणूनच लोखंड वाकते." हा युक्तिवाद वरवर पटण्यासारखा आहे, तथापि त्यात एक गोष्ट सुटली आहे. घण वरून खाली येतो. तो उचलण्यापुरते कष्ट माणसाचे. खाली येताना पृथ्वीचे आकर्षण त्याला मदत करते. क्यू मात्र जवळजवळ आडवी पुढे जाते. तिला कोणी खाली ओढीत नाही. तिला जो वेग येतो, तो सर्वस्वी खेळाडूच्या हाताने दिलेला असतो. आणि वस्तू जितकी जड, तितका तिला वेग देणे कठीण.

आता थोडे गणित करू. पूलचा चेंडू सुमारे ६ औंसांचा, म्हणजे १७० ग्रॅमचा असतो. काठीच्या वजनाला काठी व चेंडू यांच्या एकूण वजनाने भागावे; जो अपूर्णांक येईल, त्याच्या प्रमाणात चेंडूला वेग मिळतो. काठी १८ औंसांची असेल तर १८ भागिले २४, म्हणजे तीन चतुर्थांश. (काठी चेंडूच्या तिप्पट झाली, हे पाहिलेत ना? कॅरमचे प्रमाण ते हेच!) काठी २१ औंसांची घेतली तर २१ भागिले २७, म्हणजे सात नवमांश. हाताचा वेग तोच राहिला आणि पहिल्या काठीने चेंडूला १०० वेग मिळाला असे मानले, तर दुसरीने मिळेल सुमारे १०४. वजन एक षष्ठांशाने वाढले, लाभ मात्र शंभरात चारच!

काठी दुप्पट, म्हणजे ३६ औंसांची करून पाहा. अपूर्णांक येतो सहा सप्तमांश आणि वेग होतो सुमारे ११४. काठी कितीही जड केली तरी हा अपूर्णांक १ च्या पुढे जाणार नाही. उलट हाताचा वेग दुप्पट झाला तर चेंडूचा वेगही दुप्पट होतो. म्हणून २१ औंसांच्या काठीने हात शंभरात चार भागांनी मंदावला, तर सारा लाभ गेला. त्याहून अधिक मंदावला, तर तोटाच.

मग अगदी हलकी काठी घ्यावी काय? तसेही नाही. कोपरापासून पुढचा आपला हात काठीहून पुष्कळ जड असतो, आणि काठीबरोबर तोही हलवावा लागतो. काठीतून दोन औंस कमी केल्याने हात एकदम वाऱ्यासारखा धावू लागेल, असे होत नाही. शिवाय फार हलकी काठी घाईने मारताना वाकडी जाते. पांढरा चेंडू त्रिकोणाच्या अग्रभागी असलेल्या चेंडूवर समोरासमोर आदळला पाहिजे. तो कडेला लागला तर बराचसा जोर पांढऱ्या चेंडूबरोबरच निघून जातो आणि कित्येकदा तोच खिशात पडतो. योग्य वजनाचे शिखर सुळक्यासारखे टोकदार नसते. ते मावळातील डोंगरपठारासारखे सपाट असते. त्या पठारावर एखाद्या औंसाने इकडेतिकडे झाल्यास जोरात फारसा फरक पडत नाही. पडतो तो नेमात. जी काठी वेगानेही सरळ जाते, ती आपली.

ती ओळखावयाची कशी? १८, १९ आणि २० औंसांच्या काठ्या घ्याव्या व प्रत्येकीने दहा दहा वेळा त्रिकोण फोडावा. प्रत्येक वेळी पांढरा चेंडू कोठे थांबला आणि किती चेंडू कडांना जाऊन भिडले, हे वहीत टिपावे. एखाद्याच जोरकस फटक्याने हुरळून जाऊ नये. दहांचा हिशेब पाहावा. हे सर्व एकाच दिवशी, एकाच मेजावर करावे. लोणावळ्यात तर हे पथ्य फारच आवश्यक आहे. पावसाळ्यात मेजाचे कापड दमट होते, चेंडू मंद धावतात आणि काठीला विनाकारण दोष येतो. बोर्डावरची पावडर ओलसर झाली की स्ट्रायकर अडखळतो, हे तुम्ही जाणताच. दमट हवेत लाकडी काठीही वाकते. निवड करण्यापूर्वी ती मेजावर आडवी ठेवून गडगडवावी. मधला भाग वरखाली होताना दिसला, तर तिचे वजन विचारण्याचे कारणच उरत नाही.

काठी सरळ आहे, हातात बसते, पण वजन किंचित कमीअधिक वाटते, असे झाल्यास ती टाकून देऊ नये. पुष्कळ काठ्यांच्या जाड टोकाशी आत एक धातूचा स्क्रू बसविलेला असतो. तो काढून अधिक जड किंवा हलका स्क्रू बसविला की वजन औंस-अर्ध्या औंसाने बदलता येते. मात्र असे वाढविलेले वजन मागच्या टोकाला जाते आणि काठीचा तोल सरकतो. तेव्हा स्क्रू बदलल्यावर दहा फटक्यांचा हिशेब पुन्हा नव्याने मांडावा लागतो.