‘चाल’ आणि ‘कव्हर’ : मराठी नाट्यपदांतील ऋणनिर्देशाचा एक विचार

‘कव्हर व्हर्जन’ या संज्ञेचा आज रूढ असलेला अर्थ सरळ आहे : एकाने गाऊन लोकप्रिय केलेले गाणे दुसऱ्याने पुन्हा ध्वनिमुद्रित करणे. शब्द तेच, चाल तीच. बदलतो तो आवाज. मराठी संगीत नाटकाच्या परंपरेत पुनर्गायनाची जी रीत रुजली ती याच्या उलट आहे. तेथे चाल टिकते आणि शब्द बदलतात.

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ (1880) आणि ‘सौभद्र’ (1882) या नाटकांच्या छापील संहितांत पदांच्या डोक्यावर ‘चाल’ असा निर्देश आढळतो. कधी साकी-दिंडीसारख्या जातीचे नाव असते, तर कधी आधीच प्रचारात असलेल्या एखाद्या गाण्याचे आरंभीचे शब्द. ही ओळ केवळ गायकनटांच्या सोयीची मानून अभ्यासक बहुधा पुढे जातात. तौलनिक दृष्टीने मात्र ती संहितेचाच भाग आहे. मूळ गाणे कानात असलेला प्रेक्षक नवे पद ऐकताना दोन गाणी एकदम ऐकत असे, आणि हे ऋण छापून मान्य करण्यात कोणालाही कमीपणा वाटत नसे.

या व्यवहारातील गुंतागुंत खाडिलकरांच्या ‘मानापमान’मध्ये (1911) विशेष जाणवते. गोविंदराव टेंबे यांनी या नाटकाच्या संगीतात लखनौ-बनारसकडील पूरब अंगाच्या ठुमरीचे वळण आणले. ठुमरीचे शब्द मोजके, मृदू, बहुधा ब्रज-अवधीतले. एकाच ओळीवर रेंगाळून तिच्यातून निरनिराळे भाव काढणे, म्हणजे ‘बोल बनाव’, हा तिचा प्राण. मराठी नाट्यपदाला तेवढी उसंत नसते. त्याला कथानक पुढे न्यायचे असते, आणि खाडिलकरांची संस्कृतप्रचुर, जोडाक्षरांनी भरलेली पदरचना त्या मोकळ्या जागा शब्दांनी भरून टाकते. चाल तीच राहूनही गाण्याचा स्वभाव बदलतो, तो येथे. याला भाषांतर म्हणता येत नाही, कारण मूळ अर्थ आणण्याचा प्रयत्नच नाही. आणि स्वतंत्र रचनाही म्हणता येत नाही.

स्थलांतर केवळ भाषेचे नव्हते. ठुमरी मुख्यतः तवायफांच्या कंठात वाढली. ‘मानापमान’मध्ये तिचे वळण भामिनीच्या, म्हणजे एका श्रीमंत घरच्या मुलीच्या, मुखी आले, आणि भामिनी रंगवीत होते बालगंधर्व. कोठ्यावरच्या स्त्रीचे गाणे पुरुष नटाच्या आवाजातून कुलीन नायिकेचे झाले आणि मग मध्यमवर्गीय घरांतही निःशंकपणे गुणगुणले जाऊ लागले. ‘चाल’ या निर्देशाच्या प्रामाणिकपणाला येथेच मर्यादा पडते. ती ओळ गाण्याची ओळख देते. ते गाणाऱ्या स्त्रीची देत नाही.

आवाज बदलणारा प्रकार भारतात फोफावला तो 1980 नंतरच्या कॅसेटच्या काळात. टी-सीरीजने जुनी चित्रपटगीते नव्या गायकांकडून गाऊन घेऊन स्वस्तात विकली. त्याला आधार होता 1957च्या प्रताधिकार कायद्यातील कलम 52(1)(ञ) चा. पूर्वसूचना आणि स्वामित्वशुल्क दिले की पुनर्मुद्रण करता येई. हे शुल्क शब्द आणि संगीत यांच्या हक्कधारकांना मिळे. आधीच्या गायकाला या तरतुदीने काही मिळत नसे. शिवाय मूळ कृतीत अनावश्यक बदल करण्यास तेथे मनाई होती. म्हणजे किर्लोस्करी पद्धतीने नवे शब्द बसवण्याची वाट या कलमात नव्हतीच. कायद्याच्या कल्पनेतले पुनर्गायन फक्त आवाजाचे होते.

2012च्या दुरुस्तीने ही तरतूद कलम 31ग मध्ये नेली. प्रतीक्षेची मुदत दोनवरून पाच वर्षे झाली आणि दरवर्षी किमान 50,000 प्रतींचे शुल्क बंधनकारक ठरले. वेष्टनावर ‘कव्हर व्हर्जन’ असे छापावे लागते, आणि ग्राहकाची फसवणूक होऊ नये म्हणून त्यावर आधीच्या ध्वनिमुद्रणातील गायकाचे नाव वा चित्र घालण्यास मनाई आहे. नाट्यपदाच्या डोक्यावरच्या त्या ओळीत गायिकेचे नाव प्रथेने येत नव्हते. येथे ते कायद्याने येत नाही.