फी कंपनी देते, पण केव्हा?

अमेरिकेतली माझी भाची नोकरी सांभाळून शिकू लागली. फी कंपनी देते म्हणे! मला हेवाच वाटला. खोलात गेल्यावर कळले, पैसे आधी तिनेच भरायचे आणि उत्तीर्ण झाल्यावर परत मागायचे. पुष्कळ कंपन्यांची रीत हीच. म्हणजे गाठीला पैसा नसलेल्याला ही सवलत कागदावरच. तिथल्या आयकर कायद्यात १९७८ साली आलेल्या कलम १२७ मुळे अशी मदत करमुक्त झाली. वर्षाला ५,२५० डॉलर ही मर्यादा १९८६ची. पुढे जवळजवळ चाळीस वर्षे ती हलली नाही, किमती मात्र तिपटीच्या घरात गेल्या. शिवाय लवकर नोकरी सोडल्यास परतफेडीची अट. भाचीने परवाच जास्त पगाराची नोकरी नाकारली. अजून सात महिने बाकी आहेत.