येवल्याबाहेरचे येवलेकर

नाशिक जिल्ह्यातील येवल्यात शेजाऱ्याला कोणी 'येवलेकर' म्हणून ओळखणार नाही. तिथे सगळेच येवल्याचे! ही ओळख उपयोगी पडते ती गाव सोडल्यावर. म्हणून गावाच्या नावाला 'कर' लागून झालेले आडनाव सामान्यतः त्या गावाबाहेर रुजते. तात्या टोपे यांचे नाव रामचंद्र पांडुरंग येवलेकर असे सांगतात. त्यांचा जन्म १८१४ साली येवल्याचा. वडील दुसऱ्या बाजीरावांच्या पदरी होते. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि हे कुटुंब गंगाकाठी ब्रह्मावर्तास गेले.

इटलीतही असेच घडले. 'रोमानो' म्हणजे रोमचा. पण हे आडनाव दक्षिणेकडे, नेपल्सच्या परिसरात विशेष आढळते.

थोडक्यात, अशा आडनावांचा नकाशा हा स्थलांतराचा नकाशा असतो. वर्गाच्या हजेरीपटातील 'कर'वाली आडनावे निवडा, त्यांची गावे नकाशावर शोधा आणि शाळेपासूनची अंतरे मोजा. मात्र एक पथ्य पाळा. एकाच गावातून निघालेल्या, परस्परांशी नाते नसलेल्या कुटुंबांनाही तेच आडनाव मिळू शकते. तेव्हा सारखे आडनाव दिसले, की एकच कूळ किंवा एकच जात असा निष्कर्ष काढू नये.