न्यायालयाच्या दारावरील माणूस आणि त्याचा अधिकार

न्यायालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे न्यायाधीश येतात, वकील येतात, बेलिफ येतो. परंतु या सर्वांच्या आधी आपली गाठ पडते ती दारावरच्या गणवेषातील माणसाशी. "थांबा, पिशवी उघडा," असे तो म्हणतो आणि आपण पिशवी उघडतो. असे म्हणण्याचा अधिकार त्याला कोणी दिला आणि तो कोठे संपतो, हे फारसे कोणी विचारीत नाही. आज त्याचाच विचार करावयाचा आहे.

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. झडती हा विषय आम्हांला पुस्तकातून शिकावा लागला नाही. पाळी सुटल्यावर कारखान्याच्या दारावर तो शिकायला मिळतो. लेखी नियमांत कोणते विषय असावेत याची यादी १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याने दिली होती. ठराविक दारानेच आत येणे व झडतीस पात्र असणे, हा त्यांतलाच एक विषय. झडती थांबली नाही, पण ती नियमात आली. लेखी नियम आणि दारवानाची मर्जी यांत किती अंतर असते, हे रांगेत उभ्या राहिलेल्याला सांगावे लागत नाही.

म्हणून न्यायालयावर पहाराच नको, असे आमचे म्हणणे नाही. नागपूरच्या जिल्हा न्यायालयात १३ ऑगस्ट २००४ रोजी जमावाने आरोपीला ठार मारले. दिल्लीच्या रोहिणी न्यायालयात २४ सप्टेंबर २०२१ रोजी वकिलांच्या वेषात आलेल्या दोघांनी गोळ्या झाडून एका आरोपीचा जीव घेतला. जेथे साक्षीदाराला जिवाची धास्ती वाटते तेथे खरी साक्ष मिळत नाही. पहारा हवाच, प्रश्न आहे तो त्याच्या मोजमापाचा.

हे माप कलमाकलमाने लिहिलेले पाहावयाचे तर इंग्लंड व वेल्सचा २००३ चा न्यायालय कायदा पाहावा. त्याची ५१ ते ५७ ही कलमे न्यायालय सुरक्षा अधिकाऱ्यांविषयी आहेत. हा अधिकारी सरकारने नेमलेला असेल किंवा कंत्राटाने पुरवलेला असेल. मात्र लॉर्ड चॅन्सेलर या मंत्र्याने त्याला त्या कामासाठी नामनिर्देशित केलेले असले पाहिजे. शिवाय गणवेष, बिल्ला किंवा अन्य खुणेने तो सहज ओळखू आला पाहिजे. तसा तो ओळखू येत नसेल, तर तो कर्तव्य बजावीत आहे असे कायदा मानीतच नाही.

त्याला इमारतीत येणाऱ्याची, आत असलेल्याची व जवळच्या वस्तूंची झडती घेता येते. परंतु अंगावरचे काय काढावयास सांगावे याची यादी ठरलेली आहे : कोट, जाकीट, डोक्यावरचे, हातमोजे आणि पादत्राणे. त्यापलीकडे एकही कपडा नाही. झडती नाकारणाऱ्यास तो आत येऊ देणार नाही, किंवा आत असल्यास बाहेर काढील.

एखाद्या वस्तूने सुव्यवस्था बिघडेल, कोणाला इजा होईल, किंवा ती गुन्ह्याचा पुरावा असेल, असे सकारण वाटल्यास त्याने ती आधी मागावयाची. दिली नाही तरच जप्त करावयाची. सामान्यतः मनुष्य बाहेर पडेपर्यंतच ती ठेवता येते. पुराव्याची वस्तू पोलिसांच्या नजरेस आणण्यासाठी अधिक काळ लागला, तरी त्याला चोवीस तासांची मर्यादा आहे. चाकूंचे नियम तेवढे वेगळे आहेत.

माणसाला अडवणे वा बाहेर काढणे हेही तीनच कारणांसाठी : न्यायालयाचे काम विनाअडथळा चालावे, सुव्यवस्था राहावी, आणि कोणाच्या जिवाला धोका होऊ नये. त्यासाठीही तसे करणे वाजवीपणे आवश्यक असले पाहिजे. न्यायाधीशांनी सांगितल्यास तो कोणालाही न्यायदालनातून काढू शकतो. बाहेर काढताना बळ वापरावे लागले, तर तेही वाजवी आणि गरजेपुरते.

आता दुसरी बाजू. या अधिकाऱ्यावर हात टाकणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्याच्या कामात जाणूनबुजून अडथळा आणणाऱ्यास दंड. हेही आम्हांला योग्य वाटते. दारावरचा माणूस पगारासाठी दिवसभर उभा असतो, वकिलाचा राग आणि पक्षकाराचे रडे दोन्ही त्याच्याच वाट्याला येते. आपला अधिकार कोठवर आहे हे त्याला स्पष्ट ठाऊक असले, तर वरिष्ठाने "दाखव हिसका" म्हटले तरी त्याला नाही म्हणता येते.

आपल्याकडे हे काम मुख्यतः पोलीस करतात. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने न्यायालयांच्या सुरक्षेचे आराखडे करण्याविषयी निर्देश दिले. परंतु त्याचबरोबर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे ३६६ वे कलम ध्यानात ठेवावे : फौजदारी न्यायालय हे खुले न्यायालय होय, जागा पुरेल तितक्या लोकांना तेथे येता येते. कोणाला आत येऊ द्यावयाचे नसेल, तर तसा आदेश काढण्याचा अधिकार ते कलम न्यायाधीशांना वा दंडाधिकाऱ्यांना देते. फाटलेला सदरा, पायांतली वहाण किंवा बोलीतला गावरान सूर ही कारणे त्यात कोठेही नाहीत.

तेव्हा श्रोतेहो, पिशवी उघडा म्हटले तर उघडावी. हुज्जत घालू नये. पण विनाकारण परत पाठवले, तर शांतपणे विचारावे, "साहेब, हा आदेश कोणाचा?" आणि उत्तर मिळेपर्यंत तेथेच थांबावे.