पाऱ्याच्या जागी सोने

जपानमधील मिनामाता या गावी १९५६ साली एका अनोळखी रोगाची अधिकृत नोंद झाली. कोळ्यांच्या घरांतील माणसांचे हातपाय थरथरू लागले, वाचा अडखळू लागली, काही मुले तर जन्मतःच पंगू निपजली. तेथील चिस्सो कंपनीच्या कारखान्यात ॲसिटिलीन वायूपासून ॲसिटाल्डिहाइड करण्यासाठी पाऱ्याचे संयुग वापरीत. त्यातून उपजणारा मिथाइल पारा सांडपाण्याबरोबर समुद्रात आणि मासळीवाटे माणसांच्या शरीरात गेला होता.

हा पारा म्हणजे कारखान्याचा कच्चा माल नव्हे. तो होता उत्प्रेरक. दोन पदार्थांचा संयोग घडवून आणावा आणि आपण मात्र सोयरीक जमविणाऱ्या मध्यस्थाप्रमाणे अलिप्त राहावे, हा उत्प्रेरकाचा धर्म. परंतु तो खर्ची पडत नाही, हे बहुधा पुस्तकातच खरे!

शेतकऱ्यांच्या परिचयाचे पीव्हीसी पाइप ज्या व्हिनाइल क्लोराइडपासून बनतात, त्याचेच उदाहरण घ्या. चीनमध्ये कोळसा विपुल असल्याने तेथे ते मुख्यतः कार्बाइडपासून मिळणाऱ्या ॲसिटिलीनवर हायड्रोजन क्लोराइड वायूची क्रिया करून तयार करण्यात येते. यासाठी कोळशाच्या दाण्यांवर पाऱ्याचे क्लोराइड चढवीत आले आहेत. उष्णतेने त्याची वाफ होते आणि पारा वायूबरोबर निघून जातो.

निष्क्रिय मानलेला धातू

या कामी सोने सर्वोत्तम ठरेल, असे अनुमान त्या काळी दक्षिण आफ्रिकेत असलेले रसायनशास्त्रज्ञ ग्रॅहॅम हचिंग्ज यांनी १९८५ साली मांडले. न गंजणारे, न काळवंडणारे सोने रासायनिक क्रियेस काय साह्य करणार, अशी तोवरची समजूत होती. मात्र १९८७ साली जपानच्या मासाताके हारुता यांनी सोन्याचे अतिसूक्ष्म कण धातूंच्या ऑक्साइडांवर बसविले, तेव्हा शून्याखाली ७० अंश तापमानातही कार्बन मोनॉक्साइडचे ज्वलन होत असल्याचे दिसून आले.

हे कण काही नॅनोमीटरचे होते. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. एक ग्रॅम सोन्याचे ३ नॅनोमीटर बाजूचे ठोकळे पाडले, तर त्यांचा एकूण पृष्ठभाग सुमारे एक गुंठा भरेल. क्रिया पृष्ठभागावरच घडत असल्याने महागड्या धातूच्या बाबतीत हा हिशेब फार महत्त्वाचा होय.

अभियंत्याचे काम

असे कण घडविण्यापेक्षा ते टिकविणे कठीण. उष्णता लागताच ते सरकतात, शेजारच्या कणांना चिकटतात आणि मोठे होऊन निरुपयोगी ठरतात. त्यांना धरून ठेवणारे आधारद्रव्य शोधणे, हे अब्जांश तंत्रज्ञानाच्या अभियंत्याचे पहिले काम. पुढे कारखान्याची गणिते येतात. दाणे फार बारीक केले तर वायूचा मार्ग अडतो. जाड केले तर आतील सोन्यापर्यंत वायू पोहोचतच नाही. क्रियेतून उष्णता निघते, ती वेळीच काढून न घेतल्यास नळीचा एखादा भाग तापून तेथील उत्प्रेरक आधी मरतो. प्रयोगशाळेतील चिमूटभर भुकटी आणि कारखान्यातील भरलेल्या नळ्या यांतील हे अंतर कापावयास या प्रकरणी जवळजवळ तीस वर्षे लागली.

प्रारंभी सोने कोळशावर चढविण्यासाठी अम्लराज वापरीत. ते दाहक, आणि त्याच्या सांडपाण्याचा प्रश्न निराळाच. पुढे जॉन्सन मॅथी या कंपनीने हचिंग्ज यांच्या सहकार्याने थायोसल्फेटचा, म्हणजे छायाचित्रकारांच्या ‘हायपो’तील घटकाचा, उपयोग करून अत्यल्प सोन्याचा उत्प्रेरक सिद्ध केला व तो चीनमध्ये वापरात आला. अशा उत्प्रेरकाचे क्रिया चालू असताना क्ष-किरणांनी परीक्षण केले असता त्यात कण नव्हे, तर सुटे अणूच काम करीत असल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे मजल नॅनोमीटरच्याही खाली गेली.

त्याच वर्षी पाऱ्यासंबंधीचा मिनामाता करार अमलात आला; भारताने त्यास २०१८ साली अनुसमर्थन दिले. पारारहित उत्प्रेरक तांत्रिक व आर्थिक दृष्ट्या शक्य आहे असा निर्णय सदस्य राष्ट्रांनी दिल्यावर पाच वर्षांनी व्हिनाइल क्लोराइडच्या उत्पादनातील पाऱ्याचा वापर बंद व्हावयाचा आहे. यातील ‘आर्थिक’ हा शब्द कळीचा. म्हणून उत्प्रेरकाचे आयुष्य वाढविण्याबरोबरच निकामी झालेला कोळसा जाळून त्यातील सोने परत मिळविण्यालाही महत्त्व आहे. सराफकट्ट्यावरील धूळ धुऊन सोने काढणारा आपल्याकडील झारेकरी दुसरे काय करीत असतो?