मधुमेही कुत्र्यास भूल देण्यापूर्वी

मालवण, देवगड, वेंगुर्ले या किनारपट्टीवर घराची व बागेची राखण करणाऱ्या कुत्र्यासही मधुमेह जडू शकतो. पुष्कळ पाणी पिणे, वारंवार मूत्र होणे व भरपूर खाऊनही रोडावणे ही त्याची लक्षणे होत. नसबंदी न झालेल्या प्रौढ मादीत माजानंतर हा विकार विशेष बळावतो. अशा मादीच्या गर्भाशयात पू झाल्यास भूल देऊन शस्त्रक्रिया करणे बहुधा टळत नाही.

येथेच मालकाकडून घोटाळा होतो. जनावर रात्रभर उपाशी ठेवून सकाळी इन्सुलिनची नेहमीची पूर्ण मात्रा टोचल्यास रक्तातील साखर एकदम उतरते. थरथर, झटके ही धोक्याची चिन्हे भुलेत दिसत नाहीत. म्हणून दर अर्ध्या ते एक तासाने रक्त तपासावे लागते. उलट, भीतीपोटी इन्सुलिन अजिबात न देणेही घातकच. सामान्यतः त्या सकाळी निम्मी मात्रा देतात. परंतु ती व आहार पशुवैद्यकानेच साखर पाहून ठरवावा. शस्त्रक्रिया सकाळी प्रथम घेणे इष्ट, म्हणजे दिवसभर देखरेख राहते.

कार्यकर्त्यांनी पिचकारी अवश्य पाहावी. चाळीस एककी पिचकारीने शंभर एककी औषध भरल्यास मात्रा अडीचपट होते!

घरी परतल्यावर जनावर लडखडू लागल्यास हिरड्यांना गुळाचे दाट पाणी चोळावे व तत्काळ दवाखाना गाठावा. बेशुद्ध जनावराच्या तोंडात मात्र काहीही ओतू नये. ते फुफ्फुसात जाते.