सगळे चिंचोके मध्ये कधी सरकवायचे?

जून महिन्यात आपल्या हॉस्टेलवर दोनच विषय असतात : पाणी आणि बॅकलॉग. बॅकलॉगवर मी बोलणं शोभत नाही, म्हणून पाण्यापासून सुरू करतो. विहीर आटली की टँकर येतो, पाणी खालच्या टाकीत पडतं आणि तिथून बादल्यांनी तिसऱ्या मजल्यावर न्यावं लागतं. त्याच्या पाळ्या लागतात. यंदा परीक्षा लांबल्या आणि जून उलटत आला तरी आम्ही इथेच. तेव्हा आम्ही नऊ जणांनी या पाळ्यांवरच पोकरची टूर्नामेंट लावली. पहिल्याला ३० दिवस पाळी माफ, दुसऱ्याला १५ दिवस. त्यांच्या वाट्याच्या बादल्या उरलेल्या सातांनी वाहायच्या.

(वॉर्डन सर हे वाचणार, म्हणून आधीच सांगतो. पैसा एकही नव्हता. पैसे लावून जुगार खेळण्याविरुद्ध आपल्याकडे १८८७ चा कायदा आहे, आणि पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. आम्ही प्रत्येकी १०० चिंचोके घेऊन बसलो होतो, तेही मेसच्या काकूंकडून उसने.)

ज्याला तीन पत्ती येते त्याला हा खेळ समजायला पाच मिनिटं लागतात. प्रत्येकाला दोन झाकलेली पानं मिळतात. मग मध्ये पाच पानं उघडतात, आधी तीन, मग एक, मग एक. पहिल्या तिनांना फ्लॉप म्हणतात. आपली दोन आणि मधली पाच यांतून उत्तम पाच धरायची. तीन पत्तीत बूट सगळे टाकतात. इथे दोघंच टाकतात, एक छोटा ब्लाइंड आणि एक मोठा, आणि ती पाळी टेबलाभोवती फिरते. टूर्नामेंटमध्ये दर थोड्या वेळाने हे ब्लाइंड वाढतात. चिंचोके संपले की उठायचं, उधार मिळत नाही. हातातलं सगळं एकदम मध्ये सरकवणं म्हणजे ऑल-इन. ते फ्लॉप दिसायच्या आधीच करायचं की नाही, हा माझा आजचा विषय.

पहिल्यांदा खेळणारा प्रत्येक जण "चांगली पानं आली की लावू" असं म्हणतो. मीही म्हणालो. आता चांगली पानं म्हणजे दश्शी किंवा त्यावरची जोडी, नाहीतर एक्का-बादशहा. दोन पानांच्या एकूण १३२६ जोड्या होतात, त्यांतल्या अशा फक्त ४६. म्हणजे सरासरी २९ डावांत एकदा. नऊ जणांच्या टेबलावर २९ डाव म्हणजे तीन फेऱ्यांच्या वर, आणि प्रत्येक फेरीला दोन्ही ब्लाइंड भरावेच लागतात. ब्लाइंड ५ आणि १० असतील तर फेरीला १५ चिंचोके गेले. तुमच्याकडे ८० असतील तर नुसतं बसून पाच फेऱ्या निघतात, त्याही ब्लाइंड वाढले नाहीत तर. "किती फेऱ्या जगू" या आकड्याला पोकरवाले एम म्हणतात. पॉल मॅग्रिएल या गणितज्ञ खेळाडूच्या नावावरून ते अक्षर आलं, आणि १९९५ ची वर्ल्ड सिरीज जिंकलेल्या डॅन हॅरिंग्टनने पुस्तकात लिहून ते सगळीकडे नेलं. साधारण नियम असा की मोठ्या ब्लाइंडच्या दहापट किंवा त्याहून कमी उरलं की थोडंथोडं लावण्यात अर्थ नाही. ८० मधले २५ लावून मागे हटणं म्हणजे तिसरा भाग फुकट घालवणं. तेव्हा सगळं सरकवा, नाहीतर पानं टाकून द्या.

आता प्रत्यक्ष हिशेब. मी छोट्या ब्लाइंडवर आहे, ८० पैकी ५ आधीच मध्ये गेलेत. बाकी सगळ्यांनी पानं टाकली, समोर फक्त मोठा ब्लाइंडवाला, त्याच्याकडे १००. माझ्या हातात गुलाम आणि अठ्ठी, म्हणजे काहीच नाही. पानं टाकली तर माझ्याकडे ७५ नक्की राहतात. सगळं लावलं तर? धरून चला की समोरचा दहातून सहा वेळा पळतो. मग माझे ९० होतात. चार वेळा तो भिडतो, आणि भिडतो तेव्हा त्याची पानं चांगलीच असणार, म्हणून मी शंभरातून साधारण ३८ वेळाच जिंकतो. मध्ये १६० आहेत. ९० चे ६० टक्के ५४, आणि १६० च्या ३८ टक्क्यांचे ४० टक्के सुमारे २४. बेरीज ७८. ती ७५ पेक्षा जास्त आहे. म्हणजे हातात काही नसताना लावणं बरोबर!

हे मला पहिल्यांदा पटलं नाही, दोनदा कॅल्क्युलेटर मारला. मग लक्षात आलं की लावणाऱ्याला जिंकायचे दोन रस्ते असतात. समोरचा पळाला तरी जिंकला, भिडून पानं लागली तरी जिंकला. भिडणाऱ्याला एकच रस्ता. म्हणून ज्या पानांवर लावता येतं, त्याच पानांवर भिडता येत नाही. आमच्यातले निम्मे याच ठिकाणी बाद झाले.

आणि थांबण्याची खरी किंमत फेरीच्या १५ चिंचोक्यांपेक्षा मोठी आहे. ८० लावले तर समोरच्याला आणखी ७० टाकावे लागतात, म्हणजे १६० मधले ७०, त्याला ४४ टक्के तरी जिंकायला हवं. म्हणून तो विचार करतो. मी थांबत थांबत ३० वर आलो तर त्याला फक्त २० टाकायचेत, ६० मधले २०. तेहतीस टक्के पुरले. सत्ती-दुर्रीसारखी कळकट पानंसुद्धा एक्का-बादशहापुढे तीनात एकदा जिंकतात. मग तो कशाला पळेल? म्हणजे चिंचोके कमी झाले तसा आपला धाकही गेला.

एवढं शहाणपण शिकून मी शेवटच्या तिनांत पोचलो. एक पुसदचा, एक कारंज्याचा आणि मी, प्रत्येकाकडे बरोबर ३००. कारंजावाल्याने पानं टाकली, पुसदवाल्याने सगळे सरकवले. माझ्याकडे सत्तीची जोडी. जोडी दोन मोठ्या पानांपुढे साधारण ५५ टक्के पुढे असते हे मला पाठ होतं. मी भिडलो. त्याच्याकडे एक्का-बादशहा निघाला, शेवटचं पान बादशहा, आणि मी उठलो. "नशीब", असं सगळे म्हणाले.

नशीब नव्हतं ते. रात्री झोप येईना म्हणून हिशेब मांडला. तिघांकडे सारखे चिंचोके, बक्षीस एकूण ४५ दिवस, म्हणजे प्रत्येकाची जागा १५ दिवसांची. भिडून जिंकलो असतो तर ६०० विरुद्ध ३००, म्हणजे पहिला यायची संधी दोन तृतीयांश. त्याचे २० दिवस, दुसऱ्या बक्षिसाचे ५, एकूण २५. हरलो तर शून्य. मग १५ वाचवण्याऐवजी २५ साठी भिडायचं तर ६० टक्के हवेत. माझ्याकडे ५५ होते. आणि कारंजावाला? तो चहा पीत बसला आणि त्याचे १५ चे २० दिवस झाले, एक पान न उघडता.

त्याच रात्री उशिरा बाबांचा फोन आला. आमची रिसोडकडे चार एकर. "पानी तं पडलं रे. बाजूच्यांनं पेरलं सारं. पेरू का थांबू?" पाऊस ४० मिलिमीटरच्या आसपास झाला होता. ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, असा सल्ला दरवर्षी असतो. एकराला तीस किलो बियाणं, वर खत, वर ट्रॅक्टर. उगवलं नाही तर दुबार. थांबलं तर उशीर, आणि जुलै मध्यावर गेला की सोयाबीनचा उतारा घटतो. मी चिंचोक्यांच्या भरात बोलून गेलो, "बाबा, पावसाला आपण घाबरवू शकत नाही. आपल्याला जिंकायचा एकच रस्ता आहे. आपण लावणारे नाही, भिडणारे आहोत. थांबा."

"काय बोलून राह्यला तू?" बाबा म्हणाले. मग थोडं थांबून, "परीक्षेचं पाह्य."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दीड एकर पेरलं आणि अडीच ठेवलं. पोकरमध्ये अशी सोय नाही, अर्धे पत्ते लावता येत नाहीत. नंतर नऊ दिवस थेंब नाही. दीड एकर विरळ उगवलं, मधल्या ओळी आईने हाताने टोबून भरल्या. दहाव्या दिवशी जो पाऊस लागला त्यात उरलेलं अडीच पेरलं.

त्याच पावसाने हॉस्टेलच्या विहिरीत पाणी उतरलं, मोटर चालू झाली आणि पाळ्या बंद. पुसदवाल्याच्या ३० दिवसांतले १९ दिवस वाया गेले. तो अजून सगळ्यांना सांगत फिरतो की ते पुढच्या उन्हाळ्यात जमा धरायचे.